इंटर नापास झालेले कुरुंदकर गुरुजी : अभ्यासाची आपली पद्धत कशी सापडते?



पालक सभेत एक प्रश्न हमखास येतो. लेकरू दिवसभर पुस्तक घेऊन बसतं, पण पेपरात काही उतरत नाही, मग त्याला शिकवायचं तरी कसं? यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. आपलं मूल कोणत्या गटातलं ते ओळखा आणि तसंच शिकवा. दुसरीकडे आपल्या लातूर-नांदेडकडे दहावी झाली की सगळ्यांना एकच वेळापत्रक, एकच नोट्स, एकच टेस्ट सिरीज. लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यातली कितीतरी मुलं डॉक्टर-इंजिनिअर केली, हे खरंच आहे. पण जे मूल त्या साच्यात बसत नाही, ते लगेच ढ ठरतं.

अशा वेळी मला नांदेडच्याच एका मोठ्या माणसाचं आयुष्य तुम्हाला सांगावंसं वाटतं. ते म्हणजे नरहर अंबादास कुरुंदकर. नांदेडकर त्यांना आजही कुरुंदकर गुरुजी म्हणतात.

गुरुजींचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. त्या काळी आपला सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, आणि कॉलेज शिकायचं तर बहुतेकांना हैदराबादच गाठावं लागे. वसमतला शाळा झाल्यावर गुरुजीही हैदराबादला गेले. तिथे त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक आणि नावाजलेले अभ्यासक होते. घरात पुस्तकं आणि वाङ्मयाची चर्चा. बाहेर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धामधुमीचा काळ. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तेव्हा गुरुजी सोळा वर्षांचे होते आणि त्या चळवळीत तेही होते.

कॉलेजात त्यांचं वाचन अफाट वाढलं. साहित्य, इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान, जे हाती येईल ते वाचायचं आणि त्यावर वाद घालायचा. फक्त परीक्षेला नेमलेलं तेवढं मागं राहायचं. निकाल व्हायचा तोच झाला. गुरुजी इंटरला नापास झाले, आणि तेही एकदाच नाही. इंटर म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षं, साधारण आजच्या अकरावी-बारावीसारखा टप्पा. आज एखाद्या घरात असं झालं तर काय वातावरण होईल, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

पदवी हातात नसताना १९५० च्या दशकात ते नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. नांदेडमध्ये त्या काळातली एक गोष्ट अजून सांगतात. शाळेत शिकवणाऱ्या या इंटर नापास मास्तरांकडे एम.ए.ची मुलं शंका घेऊन यायची. स्वतःला पदवी नाही, पण पदव्युत्तर वर्गाचा विषय ते समोरच्याला उलगडून सांगू शकत.

हे कसं जमलं असेल? त्यांच्या आयुष्याकडे आणि लेखनाकडे पाहिलं की दोन सवयी ठळक दिसतात.

पहिली सवय म्हणजे वाचलेलं दुसऱ्याला सांगणं. गुरुजी मुळात बोलणारे होते. वर्गात बोलायचे, मित्रांच्या बैठकीत बोलायचे, पुढे तर गावोगावी व्याख्यानं दिली. त्यांच्या नावावरच्या कित्येक पुस्तकांत ही व्याख्यानंच आहेत. सांगायला उभं राहिलं की कळतं, आपल्याला नेमकं काय समजलं आणि कुठं गाडी अडते. मग माणूस पुन्हा पुस्तकाकडे जातो, पण या वेळी नेमकं काय शोधायचं ते ठरवून.

दुसरी सवय म्हणजे जे पटत नाही तेही पूर्ण वाचणं. मनुस्मृतीचे ते कडक टीकाकार. पण नुसती नावं ठेवून ते थांबले नाहीत. ग्रंथाचा नीट अभ्यास केला, त्याचं समर्थन करणाऱ्यांची बाजू आधी मांडली आणि मग आपलं म्हणणं सांगितलं. रणजित देसाईंच्या १९६८ च्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला गुरुजींचं एक लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, हा प्रश्न धरून त्यांनी इतिहास तपासलाय. पाठ केलेल्या सनावळीतून असं पत्र लिहून होत नाही.

म्हणजे परीक्षेची गरज नाही, असं म्हणायचं का? मुळीच नाही. गुरुजी नापास झाले हा त्यांचा मोठेपणा नव्हता. कॉलेजात शिकवायचं तर पदवी लागणारच होती. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. गुरुजी पुन्हा परीक्षेला बसले, बी.ए. झाले, एम.ए. झाले. साठच्या दशकात ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य. पेपरात वेळेत आणि विचारलं तेवढंच लिहिणं हेही एक कसब आहे, आणि ते वेगळं शिकावं लागतं. 'रिचर्ड्सची कलामीमांसा', 'धार आणि काठ', 'जागर', 'शिवरात्र' अशी त्यांची पुस्तकं आजही वाचली जातात. १० फेब्रुवारी १९८२ ला ते गेले, तेव्हा त्यांना पन्नास वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आता पुन्हा आपल्या मुलांकडे येऊ. बघून, ऐकून, करून अशा गटांची कल्पना जगभर पसरली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची अशीच एक प्रश्नावली १९९२ पासून खूप वापरली गेली. पण २००८ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या गटाप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. उलट २००६ च्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात वेगळंच दिसलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. गुरुजी आयुष्यभर बोलून जे करत होते, त्यातही हे न बघता आठवणं होतंच.

म्हणून माझी विनंती आहे, मुलाच्या कपाळावर गटाचा शिक्का मारू नका. आवड वेगळी असते, वेग वेगळा असतो, हे मान्य. पण पद्धत बरीचशी विषयावर ठरते. कविता कानावर पडली पाहिजे, नकाशा डोळ्यांनी बघितला पाहिजे, गणित हातानेच सोडवलं पाहिजे. कोणत्याही मुलाला हे तिन्ही लागतं.

पंधरा दिवस एवढं करून बघा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावा आणि घरात कुणालाही, आजीला, धाकट्या भावाला, तो सांगायला लावा. अडलं की लगेच रागवू नका, पुस्तक उघडून तेवढंच बघू द्या. लाजरं मूल असेल तर न बघता चार ओळी लिहू द्या. चार दिवसांनी तोच धडा पुन्हा विचारा. कोणत्या विषयात, कोणत्या वेळी, कशाने जास्त लक्षात राहिलं, ते मुलालाच एका वहीत लिहून ठेवायला सांगा. वर्गात आपण शिक्षकांनी रोज शेवटची पाच मिनिटं जोडी-जोडीने सांगण्यासाठी ठेवली तरी पुष्कळ.

आणि चाचणीत कमी गुण आले, तर रागवायच्या आधी त्या मुलाला एकदा विचारून बघा, की त्या धड्यातलं त्याला काय सांगता येतं. ते सांगायला लागलं तर मध्ये तोडू नका, पूर्ण ऐका. लिहिण्याचा सराव त्यानंतर करून घेता येतो.