कोर्ट म्हणालं, या नाचात गोष्टच नाही! मग तिनं थेट पोशाखाचं पेटंट घेतलं

लोई फुलर हे नाव इंटरनेटवर शोधलं की सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, हातानं रंगवलेल्या छोट्या फिल्म्स सापडतात. एक बाई पांढऱ्या कापडाचा प्रचंड घेर हवेत फिरवते आहे, त्या कापडाचे रंग बदलतायत आणि बाई मध्येच दिसेनाशी होते आहे. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक फिल्म्समधली बाई लोई फुलर नाहीच. त्या आहेत तिची नक्कल करणाऱ्या नर्तकी. आधुनिक नृत्याचा पाया घालणाऱ्या या बाईचं अर्धं आयुष्य आपलाच नाच आपला आहे हे सिद्ध करण्यात गेलं.

लोईचा जन्म जानेवारी १८६२ मधला, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. खरं नाव मेरी लुईझ. लहानपणापासून ती नाटकांत कामं करायची, पण नाचाचं रीतसर शिक्षण तिनं कधी घेतलं नाही. त्या काळी रंगमंचावरचा नाच म्हणजे एकतर बॅले किंवा नाटकाच्या मध्ये येणारा स्कर्ट डान्स. बॅलेत घट्ट पोशाख, ठरलेल्या मुद्रा आणि पऱ्या-राजकन्यांच्या गोष्टी. स्कर्ट डान्समध्ये झगा उडवत केलेली करमणूक.

१८९१ मध्ये एका नाटकात लोईला संमोहित झालेल्या बाईची भूमिका होती. त्यासाठी तिनं एक पातळ रेशमी झगा वापरला. तिनं स्वतः सांगितलेल्या आठवणीनुसार तो भारतातून भेट म्हणून आला होता. झगा इतका लांब होता की पायात येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरूनच चालावं लागे. उजेडात ते कापड हललं आणि प्रेक्षकांना त्यात कधी फुलपाखरू दिसलं, तर कधी फूल. लोईच्या लक्षात आलं की लोक आपल्याकडे नाही, कापडावर पडणाऱ्या उजेडाकडे बघतायत.

मग तिनं झग्याचा घेर वाढवला, रंगमंच अंधारा केला आणि वेगवेगळ्या बाजूंनी रंगीत दिवे सोडले. यातून तयार झाला सर्पंटाइन डान्स, म्हणजे नागमोडी नृत्य. १८९२ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये तो तुफान गाजला. पण पैशांवरून थिएटरशी बिनसलं, लोई बाहेर पडली आणि तिच्या जागी दुसरी नर्तकी तोच नाच करू लागली.

लोई कोर्टात गेली. तिनं नाचाचं बारीकसारीक वर्णन लिहून कॉपीराइटसाठी आधीच नोंदवलं होतं. तरी जून १८९२ मध्ये निकाल विरोधात गेला. त्या वेळच्या कायद्यात नृत्याला वेगळी जागा नव्हती. संरक्षण हवं असेल तर ते नाट्यकृती ठरायला हवं होतं. कोर्टाचं म्हणणं असं की या नाचात गोष्ट नाही, पात्र नाही, भावना दाखवलेली नाही. नुसत्या सुंदर हालचाली आणि उजेड-सावल्यांचा खेळ म्हणजे नाट्यकृती नव्हे.

त्याच वर्षी ती पॅरिसला गेली. तिथल्या फोली बेर्जेर या प्रसिद्ध थिएटरमध्ये पोहोचली तर तिथेही तिची नक्कल करणारी नर्तकी आधीच हजर! लोईनं थिएटरच्या व्यवस्थापकाला नाच करून दाखवला आणि काम मिळवलं. नोव्हेंबर १८९२ मधल्या पहिल्या प्रयोगानंतर पॅरिस तिच्यामागे वेडं झालं. तुलूझ-लोत्रेकनं तिची चित्रं काढली, कवी मालार्मेनं तिच्यावर लिहिलं.

हालचालींना कायदा वाचवत नसेल, तर त्या ज्या साधनांनी घडतात ती तरी वाचवू, असं तिनं ठरवलं. झग्याच्या आत काठ्या बसवून हातांची लांबी वाढवणाऱ्या पोशाखाचं अमेरिकी पेटंट तिला १८९४ मध्ये मिळालं. आरसे, काचा आणि दिवे वापरून रंगमंचावर परिणाम साधणाऱ्या रचनांचीही पेटंट तिनं घेतली. अग्निनृत्यात ती काचेच्या जमिनीवर उभी राहायची आणि खालून लाल उजेड यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बाई ज्वाळांत उभी आहे.

रेडियमच्या शोधाबद्दल वाचल्यावर तर तिनं मेरी आणि पिएर क्युरी यांना पत्र लिहून रेडियमचे चमकणारे पंख करता येतील का, असं विचारलं. ते शक्य नव्हतं. पण त्यातून मैत्री जुळली आणि लोईनं क्युरींच्या घरी जाऊन नाच केला. पुढे अंधारात चमकणारी रसायनं कापडाला लावून तिनं रेडियम नृत्य बसवलंच.

तिनं इतरांनाही वर आणलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिचं स्वतःचं छोटं थिएटर होतं, तिथे तिनं जपानी अभिनेत्री सादा याक्को हिला मंच दिला. १९०२ मध्ये इसाडोरा डंकन या तरुण नर्तकीला ती आपल्यासोबत दौऱ्यावर घेऊन गेली. आज आधुनिक नृत्य म्हटलं की आधी इसाडोराचं नाव येतं.

१ जानेवारी १९२८ रोजी न्यूमोनियानं पॅरिसमध्ये लोईचा मृत्यू झाला. तोवर नृत्याला गोष्ट लागतेच असं नाही, हालचाल हाच त्याचा विषय असू शकतो, हा विचार रुजू लागला होता. कोर्टानं जो दोष मानला, तेच पुढे आधुनिक नृत्याचं एक मोठं बळ ठरलं.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला स्वतंत्र जागा मिळाली ती १९७६ च्या कायद्यानं. तो लागू झाला १ जानेवारी १९७८ ला, लोई गेल्यानंतर बरोबर ५० वर्षांनी.