धावायला उशिरा लागलेला शिपाई : अबेबे बिकिला

गेल्या वर्षी आंतरसदन क्रॉस कंट्री झाली तेव्हा मी एम. आय. रूममध्ये पडून होतो. पोटात दुखते म्हणून चिठ्ठी घेतली होती. खरे सांगायचे तर पोटाला काहीही झाले नव्हते. मला धावता येत नाही, एवढेच. सहावीत आल्यापासून सकाळच्या पीटीत मी शेवटच्या चार-पाच जणांत असतो. त्या दिवशी आमच्या सदनाचा कप थोडक्यात गेला. मला कोणी काही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले.

यंदा अकरावीत मी स्वतःहून नाव दिले. पहिल्या सकाळी दीड किलोमीटरवर बरगडीखाली कळ आली आणि मी चालत परतलो. त्याच आठवड्यात ग्रंथालयात ऑलिंपिकवरचे एक पुस्तक चाळताना अबेबे बिकिला भेटला. तो आधी शिपाई झाला आणि धावपटू नंतर, हे वाचून मी खुर्ची ओढून बसलो.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियातल्या जातो या खेड्यात झाला. बिकिला हे त्याचे आडनाव नाही, ते वडिलांचे नाव. आपण मधले नाव लावतो तसेच. घर गुराढोरांचे. तरुणपणी तो राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात भरती झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे दलातल्या जवानांना शिकवायला ओन्नी निस्कानेन नावाचे स्वीडिश प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली अबेबेचा खरा सराव सुरू झाला तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. शाळेत पदके मिळवलेला मुलगा तो नव्हताच.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीही तो पहिली पसंती नव्हता. संघातला वामी बिरातू आजारामुळे जाऊ शकला नाही, म्हणून अबेबेची वर्णी लागली. तोवर त्याने पळलेल्या मॅरेथॉन एका हाताच्या बोटांवर मोजता येण्यासारख्या होत्या. रोममध्ये बूट नीट बसेनात. फोड आले तर ४२ किलोमीटर संपले म्हणायचे. सराव अनवाणीही झालेला होता, तेव्हा प्रशिक्षक आणि शिष्य दोघांनी मिळून बुटांशिवाय धावायचे ठरवले. मला वाटते, लोक या अनवाणी पायांचे फार कौतुक करतात आणि त्यामागचा सराव विसरतात.

१० सप्टेंबरला ऊन उतरल्यावर शर्यत सुटली. मोरोक्कोच्या राधी बेन अब्देसलामवर नजर ठेवायची, असे ठरले होते आणि राधीचा क्रमांक २६ असेल अशी माहिती होती. प्रत्यक्षात राधी १८५ क्रमांक लावून आला. अबेबे पुढे २६ शोधत राहिला आणि ज्याला शोधत होता तो शेजारीच धावत होता! अंधार पडला. रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली धरून उभे होते. शेवटच्या टप्प्यात वाटेवर अक्सुमचा उंच दगडी स्तंभ होता. मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपिया जिंकल्यावर १९३७ साली तो उचलून रोमला आणला होता. अबेबेने त्या स्तंभाच्या परिसरातच वेग वाढवला आणि राधीला मागे टाकले. कॉन्स्टन्टाइनच्या कमानीपाशी तो पोहोचला तेव्हा वेळ होती २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. तो विश्वविक्रम ठरला. राधी त्याच्या मागे २५ सेकंदांवर होता. (तो स्तंभ इथिओपियाला २००५ मध्ये परत मिळाला. अबेबेला ते पाहता आले नाही.)

टोकियोची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६४ च्या शर्यतीआधी सुमारे पाच आठवडे त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. या वेळी तो बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पहिला आला आणि इतर येईपर्यंत मैदानावर व्यायाम करत राहिला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. १९६८ मध्ये मेक्सिकोत मात्र पायाच्या दुखापतीने त्याला १७ किलोमीटरच्या आसपास थांबावे लागले. ती शर्यत त्याचाच सहकारी मामो वोल्डे याने जिंकली. ही ओळ मी दोनदा वाचली. तोही थांबला होता, पण खोटी चिठ्ठी घेऊन नव्हे.

पुढचा भाग वाचायला जड गेला. मार्च १९६९ मध्ये अदिस अबाबाजवळ त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि तो पुन्हा चालू शकला नाही. उपचारासाठी त्याला इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात नेले. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. तिथे त्याने चाकांच्या खुर्चीत बसून तिरंदाजी आणि टेबल टेनिस शिकायला घेतले, आणि अपंगांच्या स्पर्धांत नवशिका म्हणून उतरला. नॉर्वेत बर्फावर कुत्री गाडी ओढतात तशा शर्यतीतही त्याने भाग घेतला. दोन सुवर्णपदके घरी असलेल्या माणसाला धनुष्य कसे धरावे इथपासून सुरुवात करताना काय वाटले असेल, याचा मी प्रेपच्या तासाला पुष्कळ विचार केला आहे. अभ्यास मात्र त्या दिवशी झाला नाही.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला, तेव्हा त्याचे वय ४१ होते. सम्राटांनी राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला.

माझे म्हणाल तर पीटी सरांनी पहिले तीन आठवडे मला वेगात धावूच दिले नाही. चार मिनिटे धाव, दोन मिनिटे चाल, पुन्हा धाव. शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग. लाज वाटायची, कारण सातवीची मुले पुढे जायची. आता सहा किलोमीटर न थांबता होतात. क्रॉस कंट्री दहाची आहे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मला ४२ चा प्रयत्न करायचा आहे.

गेल्या वर्षीच्या पोटदुखीचे खरे काय ते मी परवा हाउसमास्तर सरांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. माझे नाव मात्र त्यांनी यादीतून काढले नाही.