विश्लेषण : एल्फ, एलियन आणि नरसीचे नामदेव… दुसऱ्या ‘जाती’चा तिरस्कार येतो कुठून?

परग्रहावरून आलेल्या जीवांना शहराच्या कडेला छावणीत कोंडले जाते. एल्फ आणि ड्वॉर्फ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. वानरांच्या राज्यात माणूस पिंजऱ्यात असतो. एका प्रजातीने दुसरीला हीन लेखणे हा फँटसी आणि विज्ञानकथांचा नेहमीचा विषय. मराठी मुलखात मात्र हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच कथांमधून आणि प्रत्यक्ष जगण्यातून पुढे आला होता. तो आपल्या वागण्यातून मांडणाऱ्यांत हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे संत नामदेव ठळकपणे दिसतात. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले, देवळातून उठवले गेलेले आणि सोबत्याची हाडे गोळा करायला मंगळवेढ्याला गेलेले नामदेव नेमके काय सांगत होते?

विज्ञानकथांत हा द्वेष कशासाठी?

१९६८च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटात वानर राज्यकर्ते आहेत आणि मुकी माणसे त्यांची शिकार. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एल्फ लेगोलास आणि ड्वॉर्फ गिमली सुरुवातीला एकमेकांशी धड बोलत नाहीत, शेवटी जिवलग मित्र होतात. २००९च्या ‘डिस्ट्रिक्ट ९’मध्ये जोहान्सबर्गमधले परग्रहवासी तारेच्या कुंपणाआड राहतात. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या काळात केप टाऊनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ वस्तीतून हजारो लोकांना हुसकावण्यात आले होते, त्याची आठवण या नावातच आहे.

म्हणजे गोष्ट परग्रहवासीयांची असली तरी प्रश्न माणसांचाच असतो. थेट सांगितले तर जे कानाआड केले जाईल, ते शिंगे, शेपूट किंवा हिरवी कातडी लावून सांगितले की लोक ऐकून घेतात. फक्त एक अडचण राहते. कथेतल्या प्रजाती खरोखरच वेगळ्या असतात. कुणी हजारो वर्षे जगतो, कुणी मनातले ओळखतो. त्यामुळे कथेत भेदभावाला काही तरी आधार असल्याचा भास होतो. माणसामाणसांत तसा आधार नाही, कारण सगळी माणसे एकाच प्रजातीची आहेत.

मराठीत ‘जात’ या शब्दाची गंमत काय?

आंब्याची जात, गुरांची जात आणि माणसाची जात, या तिन्हींसाठी मराठीत शब्द एकच. हापूस आणि पायरी वेगळे, गीर आणि देवणी वेगळ्या, तसेच शिंपी आणि ब्राह्मण जन्मानेच वेगळे, असे भाषाच नकळत सुचवते. विज्ञानकथा वेगळ्या प्रजातींना माणसासारखे वागवायला सांगते. जातिव्यवस्थेने उलट केले. एकाच प्रजातीच्या माणसांना वेगवेगळ्या प्रजातींसारखे वागवले. कुणाच्या हातचे पाणी चालायचे नाही, कुणाची सावलीही नको. त्याच अंगणात मांजर मात्र खुशाल फिरत असे.

नामदेव कोण होते?

नामदेवांचा जन्म १२७०चा. जन्मस्थळाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी कयाधू नदीकाठचे नरसी हे त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि आज ते नरसी नामदेव याच नावाने प्रसिद्ध आहे. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा भाग १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाल्यापासून त्यात आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा व्यवसाय शिंप्याचा. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा ही मुले. गंगाखेडहून आलेली जनाबाई याच घरात दासी म्हणून वाढली आणि स्वतः मोठी कवयित्री झाली.

पंढरपूर ही त्यांची कर्मभूमी. ज्ञानेश्वरांच्या सोबत त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव जेमतेम २६ वर्षांचे होते. ज्ञानेश्वरांचे चरित्र त्यांनीच ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंगांच्या प्रकरणांतून लिहिले.

औंढा नागनाथला काय घडले?

नामदेवांच्या आयुष्यातली वळणाची जागा हिंगोली जिल्ह्यातच आहे. परंपरा सांगते की संतांच्या मेळाव्यात गोरोबा कुंभारांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून पाहिले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. मडके कच्चे ठरले. विठ्ठल आपल्याशी बोलतो, हा अभिमान अजून शिल्लक होता.

मग ते गुरूच्या शोधात निघाले. औंढा नागनाथच्या देवळात एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेला दिसला. हेच विसोबा खेचर. नामदेव संतापले तेव्हा जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सुचवले. नामदेव पाय हलवत गेले आणि जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड दिसू लागली.

विसोबांच्या नावातही एक प्राणी आहे. खेचर म्हणजे घोडी आणि गाढवाच्या संकरातून जन्मलेले जनावर. हेच विसोबा एकेकाळी आळंदीत ज्ञानेश्वर भावंडांना छळत. संन्याशाची मुले म्हणून त्यांना वाळीत टाकणाऱ्यांत ते पुढे होते. पश्चात्तापाने ते शरण आले तेव्हा ज्ञानेश्वरांनी त्यांना खेचर म्हणून दूर सारले, अशी आख्यायिका आहे. हिणवण्यासाठी वापरलेले ते नाव विसोबांनी आयुष्यभर मिरवले. भेदभाव करणाराच पुढे भेद मोडायला शिकवणारा गुरू झाला, ही या कथेतली महत्त्वाची गोष्ट.

कुत्र्याची गोष्ट काय सांगते?

सगळीकडे देव आहे हे औंढ्यात कळले, पण कळणे वेगळे आणि वळणे वेगळे. त्याची परीक्षा एका कुत्र्याने घेतली. जेवणाच्या वेळी कुत्र्याने भाकरी पळवली. नामदेव मागे धावले, ते काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरणार, ही त्यांची काळजी. ही कथा शाळेच्या पुस्तकापासून कीर्तनापर्यंत सर्वांना माहीत आहे. ती बहुधा भूतदयेची म्हणून सांगितली जाते.

पण ती कोणत्या समाजात सांगितली गेली हे लक्षात घ्यायला हवे. पंगतीत कोण कुणाशेजारी बसेल यावर ज्या समाजाचा डोलारा उभा होता, त्यात एक माणूस कुत्र्याच्या तोंडच्या घासाला आपले तूप लावायला धावतो. प्रजातीची भिंतच जिथे अन्नाच्या आड येत नाही, तिथे जातीच्या भिंतीची काय कथा? पैठणला रेड्याने वेद म्हटल्याची ज्ञानेश्वरांची कथाही याच वाटेने जाते. ज्या विद्येवर काही माणसांचाच हक्क सांगितला जात होता, ती तिथे एका जनावराच्या तोंडी येते. आजचे लेखक जे काम परग्रहवासीयांकडून करून घेतात, ते काम संतकथांनी कुत्रा, रेडा आणि खेचर यांच्याकडून करून घेतले.

देऊळ फिरल्याची कथा कुठे सापडते?

नामदेवांना स्वतःलाही जातीची झळ बसली. देवळात भजनाला बसलेल्या नामदेवांना जातीवरून उठवण्यात आले. ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि भजन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे. मराठवाड्यात ती औंढा नागनाथची म्हणून सांगतात आणि तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, याकडे बोट दाखवतात.

ही कथा केवळ मराठवाड्यापुरती नाही. शिखांच्या ‘गुरू ग्रंथ साहिब’मध्ये नामदेवांच्या ६१ रचना आहेत. त्यांतल्या एका रचनेत शिंपी म्हणून देवळातून हुसकावले जाणे आणि देऊळ फिरणे, दोन्ही येते. १६०४मध्ये गुरू अर्जनदेवांनी हा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा नरसीच्या शिंप्याचे हे दुःख पंजाबात पूजनीय झाले. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेत फिरले. पंजाबच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे गाव मानले जाते. एप्रिल २०१५मध्ये तिथेच ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली झाले.

चोखोबांची हाडे आणि मोकळे न झालेले दार

नामदेवांच्या समतेचा खरा कस लागला तो चोखामेळ्याच्या बाबतीत. महार जातीत जन्मलेले चोखोबा नामदेवांना गुरू मानत. १३३८मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांसह चोखोबा गाडले गेले. नामदेव तिथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्याचा स्पर्श टाळला जात होता, त्याची हाडे नामदेवांनी स्वतःच्या हातांनी वेचली.

तरीही समाधी दाराबाहेरच राहिली. पुढे कित्येक शतके अस्पृश्य वारकऱ्यांना तिथवरच येता येत असे. संतांची समता भक्तीपुरती राहिली, व्यवहारात जात तशीच टिकली, ही टीका यामुळेच होते आणि ती निराधार नाही. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले झाले. चोखोबांच्या मृत्यूला तोवर सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

नामदेवांचे निधन १३५०मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी झाले. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी मंदिराच्या महाद्वारातली पायरी ही आपली जागा निवडली. नामदेव पायरी ती हीच. तिच्या समोर चोखोबांची समाधी आहे. देवाच्या सर्वात जवळ जाण्याचा मान असलेल्या नामदेवांनी गाभाऱ्याजवळची जागा घेतली नाही. ज्याला आत येऊ दिले जात नव्हते, त्याच्यासमोर, दारातच ते थांबले.

आज याचा अर्थ काय?

एल्फ आणि ड्वॉर्फची मैत्री पाहून आपण टाळ्या वाजवतो, कुंपणाआडच्या परग्रहवासीयाला पाहून डोळे ओलावतात. पडद्यावर ते सोपे असते, कारण तिथल्या भिंती आपण बांधलेल्या नसतात. भाड्याचे घर देताना, लग्नाची स्थळे पाहताना किंवा ऑफिसात डबा उघडताना आडनाव विचारले जाते, तेव्हा भिंत आपलीच असते. नामदेवांचे चरित्र इथे उपयोगी पडते. कुत्रा माणसासारखा आहे, असा त्यांचा दावा नव्हता. कुत्रा कुत्राच होता. त्याला भूक होती आणि आपल्याकडे तूप होते, एवढे त्यांना पुरेसे वाटले.