फ्रीडरिश हॉयस्लर : अचुंबकी धातूंतून चुंबक घडविणारा संशोधक

लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे धातू चुंबकाकडे ओढले जातात. तांबे, ॲल्युमिनियम, कथील ओढले जात नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत हा धडा आपण सर्वांनीच गिरविला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांचीही अशीच धारणा होती की, या तिघांपैकी एकही धातू ज्यात नाही, असे संमिश्र बलवान चुंबक होऊ शकत नाही. ही धारणा ज्यांनी प्रयोगाने खोटी ठरविली, त्या फ्रीडरिश हॉयस्लर यांचे जीवन आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

हॉयस्लर यांचा जन्म १ फेब्रुवारी १८६६ रोजी जर्मनीतील डिलेनबुर्ग या लहानशा गावी झाला. इझाबेलेनह्युटे हा तेथील धातू गाळण्याचा कारखाना १८२७ पासून त्यांच्या कुटुंबाकडे होता. तरुणपणी त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या टर्पीन या संयुगांवरील त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे लक्ष कारखान्यातील तांबे व मँगॅनीज यांच्या संमिश्रांकडे वळले. मँगॅनीज आपल्याला परका नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून तो आजही निघतो.

या संमिश्रांत कथील मिसळले असता त्यांत चुंबकत्व येते, असे हॉयस्लर यांना आढळले. ॲल्युमिनियम मिसळले तेव्हा तो गुण अधिकच प्रबळ झाला. तिन्ही धातू एकेकटे पाहिले तर चुंबक नव्हेत. एकत्र आले की मात्र चुंबक! कारखानदार म्हणून एवढ्यावर समाधान मानणे सोपे होते. हॉयस्लर यांनी मारबुर्ग विद्यापीठातील स्टार्क आणि हाउप्ट यांना सोबत घेऊन काटेकोर मोजमापे केली आणि १९०३ मध्ये ती विद्वानांपुढे ठेवली.

कोडे मात्र सुटले नव्हते. घटकांचे प्रमाण तेच ठेवले, तरी संमिश्र कसे तापविले आणि कसे थंड केले यावर त्याचे चुंबकत्व कमी-अधिक होई. याचे उत्तर अणूंच्या मांडणीत दडलेले होते, आणि ती मांडणी पाहण्याचे क्ष-किरणांचे साधन तेव्हा विकसित व्हायचे होते. १९३४ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडली आणि रॉजर्स यांनी ती मांडणी उलगडली. दोन अणू तांब्याचे, एक मँगॅनीजचा, एक ॲल्युमिनियमचा, आणि प्रत्येकाची स्फटिकातील जागा ठरलेली. शुद्ध मँगॅनीजमध्ये अणू फार जवळ असतात, त्यामुळे त्यांची सूक्ष्म चुंबकत्वे एकमेकांना विरोध करतात. या मांडणीत त्यांच्यात योग्य अंतर राहते आणि ती एकाच दिशेला वळतात. मांडणी विस्कटली की चुंबकत्वही क्षीण होते. त्याच वर्षी हॉयस्लर यांचे पुत्र ओटो यांनीही याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. आपल्या कोड्याचे उत्तर पाहण्याचे भाग्य वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पित्याला लाभले. २५ ऑक्टोबर १९४७ रोजी डिलेनबुर्ग येथेच त्यांचे निधन झाले. या कुळातील शेकडो संमिश्रे आज ज्ञात असून ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

आमच्या स्मरणिकेत या परदेशी रसायनज्ञाला स्थान का, असे कोणी विचारील. अकोल्याच्या डोंगरांतून, पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कुटुंबांतून मुले वसतिगृहात येतात, तेव्हा त्यांच्याविषयीचे निर्णय पुष्कळदा आधीच झालेले असतात : या मुलात काही नाही, हे शिकणार नाही. पालक कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले की त्या मुलाची शाळा सुटते, आणि तो निर्णय खरा ठरल्यासारखा वाटतो. वसतिगृहातील नियमित दिनक्रम, सोबती आणि शिक्षकांची देखरेख लाभली की तेच मूल वेगळे दिसू लागते. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. एखादे मूल निःसत्त्व आहे असे ठरविण्यापूर्वी त्याला योग्य जागा मिळाली होती काय, एवढे तपासावे. हॉयस्लर यांच्या आयुष्यातून आम्ही घेतलेला बोध हाच.