मुठीतल्या विमानांचे निर्माते : फ्रँक हॉर्नबी

ओतीव धातूची चिमुकली प्रवासी विमाने जमविण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांच्या हाती एखादे जुने विमान आले की ते प्रथम त्याचा रंग पाहत नाहीत, की त्यावरील नाव वाचीत नाहीत. ते विमान उजेडाकडे धरतात आणि पंखांच्या कडांवर कोठे केसाएवढा तडा तर गेला नाही ना, हे बारकाईने न्याहाळतात. या तड्याची हकीकत आम्ही अखेरीस सांगणार आहोत. तत्पूर्वी, ज्यांच्या कारखान्यातील विमानांसाठी संग्राहक आजही जीव टाकतात, त्या गृहस्थांची ओळख वाचकांस करून देणे उचित होईल.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. फ्रँकचे मन शाळेत रमत नसे. पुष्कळदा तो शाळा बुडवी आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या पेढीवर बसू लागला. हे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी गिरवावे असे मात्र मुळीच नव्हे! कारण शाळा सुटली तरी त्याचे शिकणे सुटले नव्हते. सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथातील संशोधकांची चरित्रे वाचून त्याच्या मनाने उचल घेतली होती. आपणही काही यंत्र शोधून काढावे म्हणून, एकदा चालू केले की कधीच थांबणार नाही असे यंत्र रचण्याची त्याने खटपट केली. ती अर्थातच फसली. पण फसलेल्या प्रयोगाची लाज त्याला कधी वाटली नाही.

१८८७ साली हॉर्नबी यांचा विवाह क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी झाला. १८९९ मध्ये वडील निवर्तले, पेढी बंद पडली आणि डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हॉर्नबी यांना हिशेबनिसाची नोकरी पत्करावी लागली. दिवसभर आकड्यांची जुळवाजुळव करून घरी आले की रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी ते पूल, मालगाड्या आणि याऱ्या बनवून देत. याच सुमारास, त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, आगगाडीच्या प्रवासात माल उचलणारी एक यारी त्यांच्या दृष्टीस पडली आणि मनात एक विचार चमकून गेला. प्रत्येक खेळण्यासाठी निराळे भाग कापण्याऐवजी, पुन्हा पुन्हा वापरता येतील असे भाग का बनवू नयेत?

त्यांनी पत्र्याच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या कापल्या आणि त्यांवर अर्ध्या अर्ध्या इंचावर नेमकी भोके पाडली. वरवर पाहता यात विशेष ते काय? विशेष आहे ते त्या अंतरात. प्रत्येक भोक दुसऱ्यापासून तितक्याच अंतरावर असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीशी नट-बोल्टने जोडता येई. आज पूल बांधावा, उद्या तो उकलून त्याच पट्ट्यांची यारी करावी. एखादे भोक सुताएवढे जरी चुकले, तरी सारा खेळ अडून बसे. म्हणून मुलांच्या हाती द्यावयाची वस्तू खऱ्या यंत्राइतकीच मापाबरहुकूम हवी, हा नियम त्यांनी स्वतःस घालून घेतला. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे सारे मर्म या एका नियमात साठविलेले आहे.

१९०१ च्या जानेवारीत त्यांनी या कल्पनेचे पेटंट मिळविले. त्यासाठी लागणारे सुमारे पाच पौंडही त्यांना मालकाकडून उसने घ्यावे लागले. एलियट यांनी नुसते पैसे दिले नाहीत. आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागाही दिली आणि ते धंद्यात भागीदार झाले. १९०३ साली १५०० संच खपले, तरी नफा म्हणून पदरात काही पडले नाही. लिव्हरपूल येथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेनरी हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली, तेव्हा लोकांचे लक्ष हळूहळू तिकडे वळले. १९०७ साली ‘मेकॅनो’ हे नाव नोंदविण्यात आले आणि हॉर्नबी यांनी नोकरी सोडली. पुढील वर्षी मेकॅनो कंपनी स्थापन झाली, पण एलियट यांनी तीत सामील होण्याचे नाकारले. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी, बांधलेला पगार सोडून आणि भागीदाराचा आधार सुटला असता, एका खेळण्यावर संसार टाकणे हे धाडस लहान नव्हे.

ते धाडस फळास आले. १९१४ साली लिव्हरपूलमधील बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून मुलांसाठी मासिक निघू लागले. १९२० साली हॉर्नबी आगगाड्या बाजारात आल्या. १९३१ साली लोकांनी हॉर्नबी यांना ब्रिटिश पार्लमेंटात निवडून दिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस या आगगाड्यांच्या स्थानकांवर मांडण्यासाठी लहान लहान ओतीव आकृती निघू लागल्या. पुढे त्यांत मोटारी आल्या आणि १९३४ साली या मालिकेस ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. त्याच साली विमानेही आली. पहिल्या संचात इंपीरियल एअरवेजचे चार एंजिनांचे प्रवासी विमान होते. ते अटलांटा जातीच्या विमानावरून घेतलेले होते. याच जातीची खरी विमाने १९३३ पासून कराची-कोलकता मार्गावर प्रवासी आणि टपाल नेत असत. म्हणजे इंग्लंडमधील मुलाच्या मुठीतले ते विमान आपल्या देशाचे आकाश ओलांडून गेलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

विमानांची ही भरभराट पाहण्यास हॉर्नबी फार दिवस राहिले नाहीत. २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूल येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर बिन्स रोडहून यॉर्क, वायकिंग, कॉमेट, व्हायकाउंट अशी प्रवासी विमाने निघाली. त्यांतील कित्येक खऱ्या विमानाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याएवढी होती. यांपैकी वायकिंग जातीची खरी विमाने पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या विमान कंपनीकडे होती, तर व्हायकाउंट विमाने इंडियन एअरलाइन्सने १९५७ पासून वापरली. १९६४ साली कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. पुढे काही जुने साचे कोलकत्यास आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने त्यांतून भारतातही खेळणी तयार झाली. १९७९ च्या नोव्हेंबरात बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद पडला.

आता त्या तड्याविषयी. ही विमाने जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळलेल्या धातूची असत. तो धातू वितळवून दाबाने पोलादी साच्यात घालीत. मिश्रण शुद्ध असेल तर असे विमान पिढ्यान् पिढ्या टिकते. पण त्यात शिशाचा अल्पसा अंश जरी गेला, तरी दमट हवेत धातूचे कण आतल्या आत सुटू लागतात. विमान फुगते, वाकते, तडकते आणि शेवटी हात लावताच त्याचा भुगा होतो. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी विमानांची हीच गत झाली. विकताना ती निर्दोष दिसत होती. रंग चकचकीत होता, माप बिनचूक होते. उणीव होती ती आत, आणि ती दिसून येण्यास कित्येक वर्षे लागली. त्यावर डिंक चालत नाही, की नवा रंग चालत नाही.

ज्यांनी अर्ध्या इंचाच्या मापात कधी तडजोड केली नाही, त्यांच्याच कारखान्यात धातूच्या शुद्धतेत अशी कसूर घडावी, याची हळहळ वाटते. पण यामुळे हॉर्नबी यांची थोरवी उणी होत नाही. उलट त्यांचा नियम किती खरा होता हेच यावरून पटते. वस्तू खेळण्यापुरती आहे, मुलांसाठी आहे, तेव्हा थोडे इकडे तिकडे झाले तर चालेल, असे ज्या दिवशी कोणी म्हटले असेल, त्याच दिवशी तो तडा पडला. विद्यार्थिमित्रहो, आपण आज जे काम हाती घेतले असेल, मग ते वहीतले एक गणित का असेना, त्यात शिसे मिसळू देऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.