रविवार कोणी मिळवला?

रविवारी सकाळी निवांत चहा पिणाऱ्या माणसाला विचारून पाहा, ही सुट्टी तुला कोणी दिली? बहुतेक जण सांगतील, इंग्रजांनी. तो त्यांचा चर्चचा दिवस म्हणून. हे उत्तर अर्धवट आहे. साहेबाच्या कचेरीला रविवार होता, गिरणीच्या भोंग्याला नव्हता. गिरणी कामगाराला तो मिळवून दिला महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला किती ओळी येतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

लोखंडे १८४८ साली जन्मले. शिक्षण बेताचे. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी जे पाहिले ते आजच्या पिढीला सांगितलेच पाहिजे. गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. बायका वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, नायकिणीच्या हाताखाली. मुले सूतखात्यात, भरलेल्या बॉबिनी काढायच्या, तुटलेला धागा जोडायचा. कापसाची धूळ नाकातोंडात. पगार महिना उलटून गेला तरी हातात नाही. सुट्टीच्या नावाखाली महिन्यातून एखाद-दोन दिवस यंत्रे बंद, आणि त्याही दिवशी ती पुसायला कामगारच हजर!

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, मुलांना महिन्यात चार सुट्ट्या. आम्ही वकील मंडळी कोणत्याही कायद्यातली व्याख्या आधी वाचतो, कारण माणसे तिथेच गळतात. शंभराहून कमी कामगार असले की तो कारखानाच नव्हे. वर्षात चार महिने चालला नाही तरी नव्हे. आणि प्रौढ स्त्रीचा तर कायद्यात पत्ताच नाही. खानदेशातले जिनिंग-प्रेसिंगचे हंगामी कारखाने मग कोणाच्या हाती लागणार? तिथे बायका पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्री सात, आठ, नऊ वाजता सुटत. मार्च-एप्रिलच्या घाईत त्याच माणसांना आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबवले जाई. १८८४च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे ही साक्ष झालेली आहे.

देशी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या उच्चवर्णीय वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. मँचेस्टरच्या मालकांना आपल्या गिरण्या बुडवायच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. मँचेस्टरचा स्वार्थ होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर कसली देशभक्ती उभी करायची? १८८० साली ‘दीनबंधु’ हाती घेतलेल्या लोखंड्यांनी नोकरी सोडून कामगारांची बाजू धरली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनकडे गेला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार. त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला वर्गणी नव्हती, घटना नव्हती. म्हणून काही अभ्यासक तिला युनियन मानायला तयार नसतात. ज्या देशात ट्रेड युनियनचा कायदाच १९२६ साली आला, तिथे १८८४ साली नोंदणीचा कागद मागणे हा वकिली कावा झाला.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, उघड्या मैदानात, हजारो पुरुषांपुढे! त्यांची नावे माझ्या वाचनात आलेली नाहीत. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. हे कायद्याने दिलेले दान नव्हते. कायद्याला ते पुढच्या वर्षी लिहावे लागले.

१८९१च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तास ठरवले आणि स्त्रीला प्रथमच मर्यादा दिली, दिवसाला अकरा तास, मध्ये दीड तास विश्रांती. पुरुषाच्या तासांना मात्र १९११पर्यंत मर्यादा नव्हती. त्यामुळे आपल्या जागी पुरुष येईल ही धास्ती बायकांना होती, आणि ती खोटी नव्हती. मुलांच्या वयाचेही तेच. जन्माचा दाखला कोणाकडेच नसल्याने डॉक्टरच्या अंदाजावर नऊचे चौदा होऊ शकत. बाळंतपणाच्या पगारासाठी तर मुंबई प्रांतातल्या कामगार स्त्रीला १९२९च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्या विधेयकाची बाजू १९२८ साली बाबासाहेबांनी कौन्सिलात मांडली.

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवणाऱ्या मुंबईच्या न्हाव्यांच्या पाठीशी ते १८९० साली उभे राहिले. १८९३च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत ऐक्याचा मेळावा भरवला. पुढे सरकारने रावबहादूर केले. मुंबईत प्लेग शिरला तेव्हा पैसेवाले शहर सोडून गेले. लोखंडे रोग्यांची व्यवस्था पाहत थांबले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीमाईही गेल्या.