अँजेला त्रिंदाद

पनवेलच्या एखाद्या तांदुळाच्या व्यापाऱ्याच्या मुलीनें भिंतीवर कोळशानें मोर काढला, तर तिला बोलणीं बसतात. तीच चित्रकाराची मुलगी असती तर शाबासकी मिळती. वकिली भाषेंत बोलावयाचें तर मुलींपुरती कला ही वडिलोपार्जित मिळकतच ठरली आहे. हा न्याय जुना आहे. रोमच्या आर्तेमीझिया जेंटिलेस्की हिच्या हातीं कुंचला आला तो चित्रकार पित्याच्याच घरीं. १६१६ सालीं फ्लॉरेन्सच्या कला-अकादमींत प्रवेश मिळविणारी ती पहिली स्त्री.

तीनशें वर्षांनीं मुंबईंतहि तेंच घडलें. १९०९ सालीं जन्मलेल्या अँजेलाबाईंचे वडील ए. एक्स. त्रिंदाद हे मूळचे गोमंतकीय, सर ज. जी. कलाशाळेंतील नामांकित शिक्षक. त्यांच्या तालमींत व त्याच शाळेंत बाई तयार झाल्या. वडिलांचा हात युरोपीय वळणाचा. बाईंनीं मात्र मेरीमातेस साडी नेसविली, ख्रिस्तकथेंतील माणसें हिंदी केलीं. याहून स्वदेशी तें काय असावें? पण पिता चित्रकार नसता, तर ही बुद्धि बहुधा चुलीपाशींच विझली असती. १९८० सालीं बाई वारल्या. पितापुत्रींचीं चित्रें पणजीस ‘फुंदासांव ओरिएंत’ या संस्थेनें जतन केलीं आहेत.